जेटपॅक : उडेल हो, पण बंद पडला तर?

सकाळी आठचं लेक्चर, जाग आली पावणेआठला, आणि मेससमोर ही मोठी लाइन! अशा वेळी पाठीला जेटपॅक बांधून हॉस्टेलच्या गच्चीवरून थेट डिपार्टमेंटसमोर उतरता आलं तर? हा विचार आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात एकदा तरी आलेला असतोच. 'टेक्नॉलॉजी अजून तिथवर पोचली नाही, दहा-वीस वर्षांत येईलच' असं आपण स्वतःला समजावतो. माझं स्पष्ट मत असं, की रोजच्या प्रवासासाठी जेटपॅक येणार नाही, आणि येऊही नये.

जरा इतिहास बघू. १९०३ मध्ये राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं होतं, अंतर १२० फूट. २० एप्रिल १९६१ रोजी अमेरिकेत हॅरोल्ड ग्रॅहॅमने बेल कंपनीचा 'रॉकेट बेल्ट' पाठीला बांधून उड्डाण केलं ते १३ सेकंद, ११२ फूट. म्हणजे सुरुवात अगदी सारखीच! पण राइट बंधूंनंतर ५८ वर्षांत माणूस अंतराळात पोचला. गागारिन गेला तो ग्रॅहॅमच्या बरोब्बर आठ दिवस आधी. आणि रॉकेट बेल्टनंतर ५८ वर्षांनी? २०१९ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकी झपाटाने जेट इंजिनांच्या फळीवर उभं राहून इंग्लिश खाडी ओलांडली. २२ मिनिटं, ३५ किलोमीटर, तेही मध्येच बोटीवर उतरून इंधन भरून. पराक्रम मोठाच, पण प्रगतीचा वेग बघा.

असं का? उत्तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आहे. विमानाचे पंख किंवा हेलिकॉप्टरचा पंखा खूप हवा हळू ढकलतो. जेटपॅक थोडीच हवा प्रचंड वेगाने ढकलतो. माणूस, यंत्र आणि इंधन मिळून १२० किलो धरा, म्हणजे वजन १२०० न्यूटन. झोत सेकंदाला ५०० मीटर वेगाने बाहेर पडतो असं समजू. दोन्हींचा गुणाकार करून निम्मे करा : ३०० किलोवॅट, म्हणजे सुमारे ४०० हॉर्सपॉवर! आपली ११० सीसीची स्कूटर साधारण ८ हॉर्सपॉवरची. म्हणजे पन्नास स्कूटर्सची ताकद, आणि ती कुठे जायला नाही, नुसतं हवेत लटकून राहायला! इंधन मिनिटांत का संपतं ते कळलं ना? इंजिन कितीही सुधारा, हा हिशेब काही सुटत नाही.

पण खर्चापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे. कोणतंही वाहन चांगलं की वाईट हे ते चालताना नाही, बंद पडल्यावर कळतं. स्कूटर बंद पडली तर ढकलत न्यायची. एसटी बंद पडली तर कंडक्टर मागच्या गाडीत बसवून देतो. लिफ्टचा दोर तुटला तर ब्रेक लागतात. हेलिकॉप्टरचं इंजिन गेलं तरी पंखा फिरत राहतो, आणि पायलट उतरवू शकतो. जेटपॅकला पंख नाहीत, पंखा नाही. २० मीटरवर झोत थांबला तर २ सेकंदांत तुम्ही ताशी ७२ किलोमीटर वेगाने जमिनीवर! एवढ्या वेळात पॅराशूट काय कामाचं? आणि खाली रस्त्यावरून जाणाऱ्यांनी कुणाचं काय बिघडवलंय?

'सराव केला की जमेल' असं म्हणणाऱ्यांनी व्हिन्स रेफे आठवावा. स्कायडायव्हिंगमधला जगज्जेता. फेब्रुवारी २०२० मध्ये जेट इंजिनं लावलेला पंख पाठीवर घेऊन तो दुबईत जमिनीवरून थेट १८०० मीटर उंच गेला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला दुबईतच सराव करताना तो गेला. त्याच्याइतका सराव आपण आठच्या लेक्चरसाठी करणार आहोत का?

याचा अर्थ जेटपॅक भंगारात काढा असा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टमध्ये बचावपथकासाठी चाचणी झाली. जिथे चालत जायला २५ मिनिटं लागतात तिथे जेट सूटने ९० सेकंदांत पोचता आलं. जखमी माणूस वर अडकलाय, तेव्हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. आपल्या लष्करानेही २०२३ मध्ये ४८ जेटपॅक सूट घेण्यासाठी निविदा काढली. सैनिक, बचावपथक यांचं काम वेगळं आणि रोज कॉलेजला, ऑफिसला जाणं वेगळं.

थोडक्यात काय, तर 'उडतं का?' हा प्रश्न प्रेक्षकाचा आहे. 'बंद पडल्यावर काय?' हा इंजिनिअरचा. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'वर्किंग'वर दहा पानं असतात आणि बिघाडावर एक ओळही नसते. उद्या आपण बनवलेल्या लिफ्टमध्ये, पुलावर, बसमध्ये कुणाचे तरी आई-वडील असणार आहेत. तो दुसरा प्रश्न विचारायची सवय व्हायव्हात एक्स्टर्नल विचारण्याआधीच लावून घेऊया. बाकी आठच्या लेक्चरचं म्हणाल, तर त्यावर सर्वांत सेफ आणि फुकट उपाय म्हणजे सातचा अलार्म!