लाभांशाआधी वसुली पाहावी

व्यापारी घरांत पैसा सहसा धंद्यातच फिरत असतो. दुकान मुलांच्या हाती सोपविल्यावर मात्र वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो, की बाजूला काढलेली पुंजी ठेवावी कोठे? मुदत ठेवीचे व्याज अपुरे वाटते आणि लाभांश देणाऱ्या बँकेच्या शेअरचे आकर्षण वाढू लागते. अशा शेअरची पारख कशी करावी, हे स्टेट बँकेच्या उदाहरणावरून चांगले समजते.

2024-25 या वर्षासाठी स्टेट बँकेने प्रतिशेअर 15 रुपये 90 पैसे लाभांश दिला. शेअरचा भाव 800 रुपये धरल्यास हा परतावा जेमतेम 2 टक्के होतो. 10 लाख रुपयांत 1,250 शेअर येतील आणि वर्षाकाठी 19,875 रुपये हाती पडतील. म्हणजे महिन्याला सुमारे 1,650 रुपये. शिवाय एप्रिल 2020 पासून लाभांश हा भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो व त्यावर त्याच्या टप्प्यानुसार कर लागतो. घरखर्चाची भिस्त या रकमेवर ठेवता येणार नाही, हे उघड आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सातत्याची. याच बँकेने 2017-18, 2018-19 आणि 2019-20 या तिन्ही वर्षांसाठी काहीच लाभांश दिला नाही. 2017-18 मध्ये तिला 6,547 कोटी रुपयांचा तोटा झाला होता. 2019-20 च्या नफ्यातून तर करोनाच्या संकटामुळे रिझर्व्ह बँकेनेच सर्व बँकांना लाभांश देण्यास मनाई केली. त्यानंतर मात्र लाभांश 4 रुपयांवरून वाढत 15 रुपये 90 पैशांपर्यंत गेला. 2018 मध्ये 250 रुपयांच्या आसपास शेअर घेणाऱ्याला आज मूळ गुंतवणुकीवर 6 टक्क्यांहून अधिक लाभांश पडतो आणि भाववाढ निराळी. परंतु मधल्या काळात तीन वर्षे रिकामा हात आणि मे 2020 मध्ये 150 रुपयांपर्यंत उतरलेला भाव त्याला सोसावा लागला. ज्याला त्या वर्षांत पैशांची निकड होती, त्याने तोटा सोसूनच शेअर विकला असणार.

या चढउताराचे मूळ वसुलीत आहे. उधारीवर माल विकून नफा मांडणे सोपे असते. पैसे पेढीवर येतील तेव्हाच तो खरा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बँकेचेही तसेच आहे. मार्च 2018 अखेर स्टेट बँकेची निव्वळ अनुत्पादक कर्जे 5.73 टक्के होती. मार्च 2025 अखेर ती 0.47 टक्क्यांवर आली. लाभांश आटला आणि पुन्हा वाहू लागला, त्याचे मुख्य कारण या दोन आकड्यांत सापडते.

म्हणून वार्षिक अहवाल हाती घेतल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, निव्वळ अनुत्पादक कर्जांची किमान पाच वर्षांची वाटचाल. दुसरी, भांडवल पर्याप्तता. भांडवल तोकडे असेल, तर बँकेला नवे शेअर विकावे लागतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. तिसरी, नफ्यातील किती हिस्सा वाटला जातो. 2024-25 मध्ये स्टेट बँकेने प्रतिशेअर सुमारे 79 रुपये मिळवून त्यांतील पाचवा भाग वाटला. उरलेल्यातून नवी कर्जे देण्याची ताकद वाढते. भाव कोसळल्यामुळे फुगलेला लाभांशाचा टक्का हा बहुधा धोक्याचा इशारा असतो. भाव महाग की स्वस्त, हे प्रतिशेअर पुस्तकी मूल्याशी ताडून ठरवावे.

ठेवीला प्रत्येक बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. शेअरला असे कोणतेही कवच नाही. तेव्हा दोन-तीन वर्षांचा घरखर्च, औषधपाणी व ठरलेली लग्नकार्ये यांची तरतूद ठेवीत करावी. त्यानंतर उरलेली, सात-आठ वर्षे न लागणारी रक्कमच बँकेच्या शेअरमध्ये, तीही एकाच बँकेत न ओतता, घालावी. लाभांश आला तर त्याचे स्वागत करावे. चूल मात्र त्याच्या भरवशावर ठेवू नये.