एम.एस्सी.ला नंबर लागला, पण राहायचं कुठं?

बी.एस्सी. कृषी झालेल्या पोराचा किंवा पोरीचा सामाईक परीक्षेतून पदव्युत्तरला नंबर लागला की गावात पेढे वाटले जातात. मग आठ दिवस घरात एकच खल चालतो. मामाकडं ठेवायचं, शहरात खोली घ्यायची, की विद्यापीठाच्या वसतिगृहात? बहुतेक घरांत हा हिशोब भाड्याचा होतो. माझ्या मते तो आधी पिकाचा करावा.

राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. एम.एस्सी. दोन वर्षांची. त्यात वर्ग आणि परीक्षा आहेतच, पण प्रबंधासाठी बहुतेकांना प्रक्षेत्रावर स्वतःचा प्रयोगही घ्यावा लागतो. कपाशीत संकर करायचा तर आदल्या दिवशी दुपारनंतर कळीतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायचे. फुलोरा आहे तोवर रोज हेच. ज्याची खोली २० किलोमीटरवर, त्यानं हे एस.टी.च्या भरवशावर कसं करावं? ज्वारी दाण्यात आली की पाखरं उजाडतानाच हजर. वस्तीवर राहणारा आणि गावातून ये-जा करणारा, यांच्या पिकात काय फरक पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून पहिली पसंती वसतिगृहाला द्या. जेवण बेताचं असेल, खोलीत गर्दीही असेल. पण वरच्या वर्गातली मुलं तिथंच भेटतात. नोंदी कशा ठेवायच्या, कुठल्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो, हे त्यांच्याकडूनच कळतं. जागा मिळालीच नाही तर दोघातिघांनी मिळून विद्यापीठाजवळच खोली बघावी. राहुरीला शिकायचं आणि तीसेक किलोमीटरवर नगरला (आताचं अहिल्यानगर) राहायचं, यात भाडंही जातं अन् दिवसही.

नातेवाइकांचं बोलायला जरा अवघड, तरी बोलतो. मामाकडं मुलगा राहिला तर त्याला ताट मिळतं. मुलगी राहिली तर दळण, आल्या-गेल्याचा चहा आणि धाकट्यांचा अभ्यास तिच्या अंगावर येतो. वर 'घरच्यासारखं आहे' म्हणून तिनं तक्रारही करायची नाही. दापोली लांब म्हणून जागा सोडणारे पालकही आहेत, आणि सुटते ती बहुधा मुलीचीच जागा. मुलासाठी कर्ज काढणारा बाप मुलीच्या वेळी नकाशा काढतो. दापोलीला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपडे वाळत नाहीत, हे खरं. पण आंबा-काजू शिकायचा तर तो तिथंच शिकावा.

पैशाचं म्हणाल तर अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. दोन्हींच्या अटी नीट वाचून, आपला अभ्यासक्रम बसतो का ते विचारून अर्ज करावा.

तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. प्रवेशफेरीची मुदत मोजक्या दिवसांची असते. त्या दिवसांत उत्पन्नाच्या किंवा अल्पभूधारकाच्या दाखल्यासाठी पोरगं दारात आलं तर 'सोमवारी ये' म्हणू नका. आणि पालकांनो, वसतिगृहाचा अर्ज प्रवेश पक्का होईल त्याच दिवशी भरून टाका. आठवड्यानं गेलात तर खाटा भरलेल्या असतील.