नागपुरातून एका दिवसात ताडोबा: वाघाच्या आधी हे गणित समजून घ्या

३१ डिसेंबर २०२४. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातलं गोठणगाव. रस्त्यावर 'एफ २' नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे. पुढे जिप्सी, मागेही जिप्सी. वाघिणीला जायला वाटच नाही. पर्यटक गाडीत उभे राहून फोटो काढतायत.

हा व्हिडिओ तुमच्याही फीडवर आला असेल. तो इतका फिरला की जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जिप्सीचालक आणि गाइड निलंबित झाले, त्यांना दंड झाला.

सोशल मीडियावर तेव्हा सगळ्यांनी चालकांना शिव्या घातल्या. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. त्या चालकांना गाडी पुढे घ्यायची घाई का होती?

त्या घाईचा एक धागा आपल्या वन-डे ट्रिपपर्यंत येतो. नागपूरकरांचा आवडता प्लॅन म्हणजे पहाटे निघायचं, सफारी करायची, वाघ बघायचा आणि रात्री घरी यायचं. हा प्लॅन चुकीचा आहे का? अजिबात नाही. पण तो आखताना आपण काही गोष्टी गृहीत धरतो आणि गडबड तिथूनच सुरू होते. एकेक करून बघूया.

'ताडोबाला जाऊ' म्हणजे नक्की कुठे?

ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९५५ मध्ये ते घोषित झालं, तेव्हा क्षेत्र होतं ११६.५५ चौरस किलोमीटर. पुढे १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. आज गाभा म्हणजे कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटर आणि भोवतालचं बफर साधारण ११०० चौरस किलोमीटर आहे.

एवढ्या मोठ्या जंगलाला एक दार नाही. एकट्या कोअरलाच मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी सहा गेट्स आहेत. बफरची गेट्स वेगळी. बुकिंग ज्या गेटचं, त्याच गेटवर जावं लागतं. मोहर्लीचं बुकिंग करून कोलाऱ्याला पोहोचलात, तर सफारी बुडाली म्हणून समजा.

नागपुरातून जवळचं पडतं कोलारा. उमरेड, भिसी, चिमूर असा रस्ता आहे आणि अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. मोहर्लीला जायचं तर जाम, वरोरा, भद्रावती या बाजूने साधारण १४० किलोमीटर. नकाशावर हा फरक किरकोळ वाटतो. पहाटेच्या सफारीसाठी मात्र तोच फरक झोपेचा एक तास खातो.

आपली गाडी आत नेता येते का?

ताडोबाच्या कोअरमध्ये नाही. तुमची कार गेटवर उभी राहणार. आत जायचं ते नोंदणी असलेल्या जिप्सीतून, सोबत चालक आणि गाइड. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. म्हणून ग्रुप आठ जणांचा असेल, तर दोन जिप्सींचा खर्च आधीच धरा.

बुकिंग ऑनलाइन होतं आणि ज्यांची नावं दिली त्यांचीच मूळ ओळखपत्रं गेटवर लागतात. वीकेंडला दर जास्त असतात. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे स्लॉट खूप आधी भरतात. मंगळवारी ताडोबा बंद असतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात कोअर बंद राहतो, मात्र बफरमधली काही गेट्स पावसाळ्यातही सुरू असतात.

एक सावधगिरी घ्या. ताडोबाच्या नावाने सर्च केलं की खासगी एजंटांच्या कितीतरी वेबसाइट येतात, त्यातल्या काही हुबेहूब सरकारी वाटतात. वनविभागाच्या साइटचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो, तेवढं तपासा. आणि पैशांचा विषय निघालाच आहे तर, २०२३ मध्ये ताडोबाचं ऑनलाइन बुकिंग सांभाळणाऱ्या एजन्सीविरुद्धच १२ कोटी रुपयांहून जास्त रकमेच्या अपहाराची तक्रार पोलिसांत दाखल झाली होती. त्यामुळे पावती जपून ठेवा आणि कुणाच्या खासगी खात्यावर पैसे टाकू नका.

सकाळ की दुपार?

सफारी साधारण चार तासांची असते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, पण सकाळची सफारी उजाडताना सुरू होते आणि दुपारची सूर्यास्ताच्या सुमारास संपते.

सकाळची घेतलीत तर गेटवर अर्धा तास आधी हजर राहायचं. म्हणजे कोलाऱ्यासाठी नागपुरातून पहाटे तीनच्या आसपास निघावं लागतं. म्हणजे ड्रायव्हिंग करणाऱ्याची रात्रीची झोप गेली. फायदा एवढाच की परतीचा प्रवास उजेडात होतो.

दुपारची घेतलीत तर सकाळी आरामात निघता येतं, चिमूरला जेवता येतं. पण परतताना अंधार होतो. चिमूर-उमरेड पट्ट्यात रस्त्याच्या कडेला शेत आहे, जंगल आहे. रात्री नीलगाय, रानडुक्कर कधी गाडीसमोर येईल सांगता येत नाही.

मग करायचं काय? गाडी चालवणारे दोघं असतील तर सकाळची सफारी बरी. एकच जण असेल तर दुपारची घ्या, पण परतताना स्पीड कमी ठेवा आणि 'दहाच्या आत घरी' असा हट्ट धरू नका. खरं सांगायचं तर आदल्या रात्री चिमूरला किंवा गेटजवळच्या गावात मुक्काम करणं सगळ्यात सुरक्षित. पण मग ती वन-डे ट्रिप राहत नाही.

त्यापेक्षा पेंच बरं का?

फक्त एकच दिवस हातात असेल तर पेंचचा विचार नक्की करा. महाराष्ट्रातल्या पेंचचं सिल्लारी गेट नागपूरपासून साधारण ७० किलोमीटरवर आहे आणि बहुतेक प्रवास राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून होतो. मध्य प्रदेशाच्या सीमेवर खुर्सापार गेट आहे. पहाटे तीनऐवजी साडेचारला निघालात तरी चालतं.

याच महामार्गावर बघण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. रस्ता चौपदरी होताना तो पेंचच्या जंगलातून जात होता. बरीच कोर्टबाजी झाली आणि शेवटी प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून महाराष्ट्रातल्या पट्ट्यात नऊ ठिकाणी पूल आणि भुयारी मार्ग बांधले गेले. त्यातला एक तब्बल ७५० मीटर लांब आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा १८ प्रजातींचे प्राणी या वाटा वापरताना दिसले आणि त्यात ११ वाघ होते. म्हणजे तुम्ही वरून गाडी हाकत असता, तेव्हा खालून वाघ जात असू शकतो.

मोबाइलचं काय?

ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल न्यायला आधीपासूनच मनाई आहे. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात निकाल दिला. त्यात कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला आणि रात्रीच्या पर्यटनाला देशभर मनाई करण्यात आली. त्यामुळे नाइट सफारीचा बेत असेल तर तो विसरा.

यावर अनेकांचा राग असतो. पैसे आम्ही भरलेत, फोटो का नाही काढायचा? पण कॅमेऱ्यावर ही बंदी नाही. अडचण फोनची आहे. एका जिप्सीला वाघ दिसला की कॉल जातो आणि दहा मिनिटांत वीस जिप्सी तिथे येतात. शिवाय कॅमेऱ्यावर लांबून मिळणारी फ्रेम फोनवर मिळवायची तर गाडी जवळ न्यावी लागते. म्हणून 'भाऊ, अजून थोडं पुढे घ्या ना' सुरू होतं.

फोन जवळ नसणार म्हणून घरी सांगून ठेवा, गेटपर्यंतचा नकाशा आधी डाउनलोड करा आणि थोडी रोख रक्कम ठेवा. गेटच्या परिसरात रेंजचा भरवसा धरू नका.

मग गोठणगावला नेमकं काय चुकलं?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ ची पर्यटन मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार प्राण्यापासून किमान २० मीटर लांब राहायचं. एका रस्त्यावर धावणाऱ्या दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर हवं. एका सायटिंगवर १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. प्राण्याला घेरायला सक्त मनाई. चालक आणि गाइड यांना हे सगळं माहीत असतं.

तरी नियम का मोडतात? कारण त्यांच्या जिप्सीत सहा माणसं बसलेली असतात. ती नागपूरहून पहाटे तीनला निघालेली असतात आणि रात्री घरी पोहोचायचं असतं. त्यांच्यासाठी त्या चार तासांत वाघ दिसला तर ट्रिप वसूल, नाही दिसला तर पैसे पाण्यात. टीपही बऱ्याचदा त्यावरच ठरते. चालक आणि गाइड बहुतेक आजूबाजूच्या गावांतले. काम नंबराप्रमाणे मिळतं, त्यामुळे एका दिवसाची कमाई त्यांच्यासाठी मोठी असते.

आता बघा, नियम मोडल्यावर काय झालं. निलंबन चालक-गाइडचं झालं. हप्ता त्यांच्या जिप्सीचा थकला. 'पुढे घ्या' म्हणणारे रात्री घरी पोहोचले. चालकाची चूक नाही असं म्हणायचं नाही, त्याने नकार द्यायलाच हवा. पण नकार देणाऱ्याची टीप कापायची आणि नियम मोडणाऱ्याला जास्त द्यायची, हे आपण करत असू तर पुढचा व्हिडिओही येणारच.

वाघिणीचं नुकसान वेगळंच. पिल्लांसोबत असलेली वाघीण सारखी अडवली गेली तर शिकार, पाणी, पिल्लांना हलवणं सगळंच विस्कटतं. आणि गाड्यांना, माणसांना सरावलेला वाघ जंगलाबाहेर गावाजवळ आला, की धोका गावकऱ्यांना असतो. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मृत्यू झाला. तो हल्ला पर्यटनामुळे झाला असं नाही. पण आपण ज्याला सायटिंग म्हणतो, त्याच्यासोबत इथली माणसं बाराही महिने राहतात, हे गेटवर उतरताना लक्षात असलेलं बरं.

वाघ दिसलाच नाही तर?

२०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदले गेले, २०१८ मध्ये ते ३१२ होते. ताडोबात वाघ दिसण्याची शक्यता चांगली असते. पण चार तासांत, ठरलेल्या रस्त्यावर, तुमच्याच जिप्सीसमोर तो येईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. जो एजंट 'हमखास सायटिंग' म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा.

आत बघायला बरंच आहे. ताडोबा तलावात मगरी आहेत. रानकुत्री, गवे, अस्वलं आहेत. मोहर्लीकडून ताडोबाला जाणाऱ्या रस्त्याकडेला गोंड राजांच्या काळातले दगडी खांब दिसतात. दोर बांधून, घंटा वाजवून त्यावरून निरोप पोहोचवत, असं सांगितलं जातं. ताडोबा हे नावही ज्या तारू या देवावरून आलं, तो गोंड लोककथेप्रमाणे वाघाशी लढताना मारला गेलेला गावप्रमुख होता. तलावाकाठी त्याचं स्थान आहे.

आणि घरातल्या लहानग्यांना फक्त वाघच बघायचा असेल, तर पहाटे तीनला त्यांना उठवू नका. नागपुरातच गोरेवाडा प्राणिउद्यान आहे. २६ जानेवारी २०२१ पासून तिथे बसमधून सफारी सुरू आहे.

थोडक्यात

एका दिवसात जंगल करून येता येतं. एकच ड्रायव्हर असेल तर पेंच, दोघं असतील तर कोलारा. तारीख मंगळवार नाही ना, हे बघा. गेटचं नाव दोनदा वाचा. मूळ ओळखपत्रं घ्या, परतीची घाई ठेवू नका.

आणि सफारी सुरू होण्याआधीच चालक-गाइडला एक वाक्य सांगा: 'दादा, वाघ दिसो न दिसो, टीप तेवढीच देणार. गाडी लांबच ठेवा.' सहा जणांमध्ये वाटलं तर ती रक्कम फार नसते. पण गाडी थांबवायची की पुढे घ्यायची, हे ठरवताना त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं तेवढ्याने उतरतं.