कोड चालतोय, पण काहून?

बटण कोणतंही दाबा, उत्तर एकच. अकोला!

गेल्या सेमिस्टरला आमच्या मासकॉमच्या प्रोजेक्टसाठी एक वेबपेज करायचं होतं. विषय साधा होता, अमरावती-अकोला रोज अप-डाऊन करणाऱ्या पोरापोरींच्या गोष्टी. पेजवर चार बटणं : अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. ज्या गावाचं बटण दाबाल त्या गावची गोष्ट उघडणार. आता मला कोडिंग कुठून येणार? पण रूममेट बीसीएची. तिच्याकडे सीनियरकडून आलेली झेरॉक्स जर्नल होती. त्यातला जावास्क्रिप्टचा लूप आम्ही जसाच्या तसा उतरवला आणि फक्त गावांची नावं बदलली.

चार बटणं झळकली. आम्ही खूश. अमरावती दाबलं, तर अकोला उघडलं. बडनेरा दाबलं, अकोला. मूर्तिजापूर, तरी अकोलाच. "काहून होते असं?" म्हणत रात्रीचे साडेबारा वाजले. शेवटी एका सीनियरचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला : 'व्हार काढ, लेट टाक.' टाकलं. चाललं. झोपलो.

प्रोजेक्टला मार्क मिळाले, पण 'काहून'चं उत्तर मिळालं नाही. ते शोधायला मला आणखी आठवडा लागला. आज लिहायचं आहे ते त्या आठवड्याबद्दल.

झालं होतं असं. लूपच्या महिरपी कंसात 'गाव' नावाचं व्हेरिएबल व्हारने केलेलं होतं. लूपच्या चार फेऱ्या, म्हणून आम्हाला वाटलं की 'गाव'ही चार झाले असतील, प्रत्येक बटणाला आपापला. प्रत्यक्षात 'गाव' एकच होता. प्रत्येक फेरीने त्यातलं आधीचं नाव पुसून नवं लिहिलं. बटणाला जोडलेलं फंक्शन नाव पाठ करून ठेवत नाही, ते फक्त 'गाव' कुठे आहे एवढं लक्षात ठेवतं आणि दाबल्यावर तिथे जाऊन पाहतं. आपलं बोट बटणापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी लूप संपलेला असतो. मग तिथे काय सापडणार? शेवटचं नाव, अकोला.

रूमवर राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. गाडगेनगरात चौघींनी मिळून घेतलेला फ्लॅट समजा. फ्लॅट म्हणजे फंक्शन आणि आतल्या खोल्या म्हणजे महिरपी कंसातले ब्लॉक. व्हार म्हणजे हॉलमधला फळा. तुम्ही कोणत्याही खोलीत बसून लिहा, लिहिलं जाणार हॉलमध्येच, आणि कोणीही येऊन ते पुसणार. याला म्हणायचं फंक्शन स्कोप. फंक्शनच नसेल, तर अख्खं पेजच तो हॉल. आमचं तेच झालं होतं. लेट आणि कॉन्स्ट म्हणजे आपापल्या खोलीतली पाटी. खोलीबाहेर ती दिसत नाही. हा ब्लॉक स्कोप. लूपमध्ये तर दर फेरीला नवी कोरी पाटी मिळते. म्हणून एका शब्दाने आमची चारही गावं जागेवर आली.

गोंधळ आपला एकट्याचा नाही. आपण आधी सी किंवा जावा शिकतो. तिथे कंसात केलेलं व्हेरिएबल कंसातच संपतं. जावास्क्रिप्टचे कंस तसेच दिसतात, म्हणून आपण तसंच धरून चालतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत केला होता. ती दिसायला जावासारखी हवी, असं त्यांना वरून सांगितलेलं होतं. चेहरा जावाचा आला, पण स्वभाव वेगळाच राहिला.

मग वीस वर्षं लोकांनी काय केलं? ब्लॉकला भिंत नाही ना, मग प्रत्येक ठिकाणी एक फंक्शन बांधायचं आणि तिथल्या तिथे चालवून टाकायचं. म्हणजे एका पाटीसाठी नवा फ्लॅट. जुन्या कोडमध्ये कंसांची ती गर्दी दिसते, ती यासाठी. लेट आणि कॉन्स्ट प्रमाण भाषेत आले जून २०१५ मध्ये. तरी व्हार काढला नाही, कारण तो काढला तर जगभरच्या जुन्या वेबसाइट्स बंद पडतील. म्हणून दोन्ही सोबत नांदतात, आणि दोन्ही ओळखता आले पाहिजेत.

फरक एवढ्यावर थांबत नाही. व्हारचं व्हेरिएबल त्याच्या ओळीच्या आधीच वापरलं तर जावास्क्रिप्ट गप्प राहते आणि 'अनडिफाइन्ड' हातात देते. लेटला तसं केलं तर सरळ एरर येते. एकाच नावाचं व्हार दोनदा करा, कोणी हटकत नाही. लेट लगेच अडवतो. आपल्याला एरर म्हटलं की धडकी भरते. पण राजेहो, गप्प बसून चुकीचं उत्तर देणाऱ्या कोडपेक्षा ओरडणारा कोड बरा. आमचं पेज ओरडलं असतं तर साडेबारा वाजले नसते.

आता मुद्द्याचं. 'लेट टाक' हे उत्तरही अर्धवटच आहे. कालपर्यंत आपण व्हार पाठ करत होतो, आता लेट पाठ करू. झेरॉक्स फक्त नवी होईल. पुण्या-नागपूरच्या इंटरव्ह्यूत समोरचा माणूस पाच ओळींचा लूप कागदावर लिहून 'याचं आउटपुट सांगा' म्हणतो, तेव्हा जर्नल बॅगेत असून उपयोग नसतो. तिथे लागतं ते 'काहून'.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. प्रॅक्टिकलच्या व्हायव्हाला 'व्हारची व्याख्या सांगा' असं विचारू नका. एक बिघडलेला लूप द्या आणि म्हणा, कुठे बिघडला ते दाखवा. जर्नलची सही थोडी उशिरा मिळाली तरी चालेल.

आणि आपण? लॅपटॉप नसला तर लॅबमधला कॉम्प्युटर आहे. बहुतेक ब्राउझरमध्ये एफ १२ दाबलं की कन्सोल सापडतो. जर्नलमधला एखादा लूप व्हारने चालवा, मग लेटने. उत्तर बदललं तर का बदललं आणि नाही बदललं तर का नाही, ते दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. सवय एकच लावा : आधी कॉन्स्ट, किंमत बदलायचीच असेल तर लेट, आणि व्हार फक्त वाचण्यापुरता. पण ही सवय का, हे सांगता येत नसेल, तर ती सवयही झेरॉक्सच.

कोड चालला म्हणजे काम झालं, असं नाही. काम तेव्हा होतं, जेव्हा शेजारची रूममेट विचारते "काहून?" आणि आपल्याला उत्तर येतं.