ठेव अडकली, दुधाने तारलं

२०२३ साली बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमधून पैसे मिळणं थांबलं आणि हजारो ठेवीदार हवालदिल झाले. जादा व्याजापायी कुणी कापसाची पट्टी ठेवली होती, कुणी लेकीच्या लग्नाची पुंजी. आष्टी-कड्याचा बाजार मात्र चालूच राहिला. का? तर गोठ्यातली गाय कुणाच्या ठेवीवर चालत नाही. दुधाचा पगार दहा-पंधरा दिवसांनी येतो, त्यातून पेंड येते, किराणा भागतो, दुकानदाराची उधारी फिटते. गावाला तारलं ते या फिरत्या पैशाने.

पण पगाराने संसार चालतो, बुडालेली पुंजी भरून येत नाही. म्हणून एक फरक ध्यानात ठेवा. बँक बुडाली तर २०२० पासून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे. जिल्हा बँकही त्यात येते. मल्टिस्टेट पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या ठेवीला हा विमा नाही. पाटी कितीही चकचकीत असो!

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी एवढं करावं : येत्या ग्रामसभेत हा फरक मोठ्याने सांगावा. आणि तुम्ही, पावती घेण्याआधी एकच विचारा, "ठेवीला विमा आहे का?"