शून्य आले म्हणजे रस्ता मोकळा झाला असे नाही



आज स्वयंपाकघर आणि सणवार बाजूला ठेवून चौकातल्या सिग्नलविषयी लिहिते आहे. कारण आपली निम्मी कामे आता स्कूटीवरच होतात. मुलांचा क्लास, भाजी, बँक, मंदिर, सगळीकडे आपणच. सिग्नलच्या दिव्याशेजारी उलटे मोजणारे आकडे पुण्यात गेलेल्या प्रत्येकीने पाहिले असतील. बारामती, इंदापुरातही वाहने वाढतील तशी 'टायमर बसवा' ही मागणी होतच राहणार. माझे मत असे, की लाल दिव्याचे आकडे असू द्यावेत, हिरव्याचे नसावेत.

आधी लाल आकड्यांबद्दल. अजून साठ सेकंद थांबायचे आहे हे कळले, की माणूस कमी वैतागतो आणि गाडी बंद करतो. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' ही मोहीम काढली, ती याच सवयीसाठी. पेट्रोल वाचते, धूर कमी होतो. मागच्या सीटवर लहान मूल असेल तर हा फायदा काही छोटा नाही.

हिरव्या आकड्यांचे तसे नाही. पाच, चार, तीन दिसले, की लांबून येणारा ब्रेक न मारता वेग वाढवतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. पुढच्याला वाटते थांबावे, मागच्याला वाटते दोघेही निघू. पुढचा ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. तैवानमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसले. हिरव्या आकड्यांमुळे उशिरा चौकात शिरणारे कमी झाले खरे, पण 'थांबू की जाऊ' अशी दुविधा होते तो रस्त्याचा पट्टा सुमारे २८ मीटरने वाढला. लाल आकड्यांमुळे वेळेआधी निघणारे सुरुवातीला कमी झाले, पण काही महिन्यांत तोही परिणाम ओसरला. म्हणजे लाल टायमर लावला की काम झाले, असेही समजू नये.

कॅनडातल्या टोरांटो शहराचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. तिथे आकडे लावले ते पायी रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी. पण ते गाडीवाल्यांनाही दिसत होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पायी चालणाऱ्यांना धडक बसण्याचे प्रकार कमी झाले, पण गाड्यांच्या आपसातल्या धडका वाढल्या आणि एकूण अपघात सुमारे ५ टक्क्यांनी वाढले. माहिती एकच, पण चालणाऱ्याने ती जपून वापरली आणि गाडीवाल्याने घाई करायला वापरली.

आपल्या मुंबईत पोलिसांनी हाच टायमर उलट्या पद्धतीने वापरून पाहिला. काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रे सिग्नलला जोडली. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू! जितका हॉर्न वाजवाल तितके जास्त थांबा. जानेवारी २०२० च्या अखेरीस त्याचा व्हिडिओ घरोघरी फिरला, तुम्हीही पाहिला असेल. आपण हसलो, पण त्यातून एक गोष्ट कळली. माणूस त्या आकड्यांना फार मानतो. म्हणूनच ते कुठे आणि कशासाठी लावायचे, याचा विचार आधी हवा.

आता आपल्या भागाकडे पाहा. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. पेन्सिल चौक असो की भिगवण रस्ता, त्याच वाटेवर कॉलेजची मुले, एसटी आणि आपल्या स्कूट्या असतात. इंदापूरला शेजारून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. भरलेल्या ट्रॉल्या पिवळा दिवा लागला म्हणून जागच्या जागी थांबत नाहीत. तुमच्या टायमरवर शून्य आले तरी आडव्या रस्त्यावरचा ट्रॅक्टर अजून चौकाच्या मध्यातच असू शकतो. तुमच्या बाजूचा लाल संपला एवढेच तो आकडा सांगतो. समोरचा रस्ता रिकामा झाला की नाही, ते त्याला ठाऊक नसते.

आणि आपण करतो काय? तीन आकडा दिसला की गिअर, दोनला क्लच, एकला गाडी पुढे. तिकडून शेवटच्या पिवळ्यात कुणीतरी सुसाट येत असतो. दोघांची घाई चौकाच्या मधोमध भेटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये लाल दिवा तोडणे हे धोकादायक वाहन चालवणे मानले आहे. एक सेकंद आधी निघणेही लाल दिवा तोडणेच आहे.

म्हणून माझी मागणी अशी. नवे सिग्नल बसवताना हिरव्याचे आकडे लावू नयेत. लालचे लावले तरी शेवटची चार-पाच सेकंदे ते दिसेनासे व्हावेत, म्हणजे शर्यतीसारखे कुणी उडी मारायला टपून बसणार नाही. चालणाऱ्यांसाठीचे आकडे फक्त चालणाऱ्यांनाच दिसावेत. नगरपालिकेला असे निवेदन आपल्या महिला मंडळानेही द्यायला काय हरकत आहे?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. आपल्याला लहानपणापासून ईर्यासमिती शिकवली आहे, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाका. स्कूटीवर चार हात पुरत नाहीत, पण पाहायचे जमिनीकडेच, आकड्याकडे नाही. हिरवा लागला की मनात 'एक, दोन' म्हणा, उजवीकडे-डावीकडे बघा आणि मग निघा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. मागे बसलेले मूल आईचे बघून शिकत असते, आणि चार-पाच वर्षांनी तेच मूल स्वतः गाडी घेऊन त्याच चौकात उभे असणार आहे.