विधिलिखिताच्या नावाखाली

बाळ जन्मून सहावी रात्र आली की आमच्या घराघरांतून सटीची पूजा होते. कोणी तिला सटवाई म्हणतात, कोणी षष्ठी. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा, आणि देवी येऊन बालकाच्या भाळी त्याचे विधिलिखित लिहून जाते असे मानायचे. या श्रद्धेस आम्ही हसणार नाही. आमच्याही घरी तो कागद ठेवला जातो. परंतु अलीकडे याच श्रद्धेची ढाल पुढे करून आपल्यांतील काही वडीलधारी मंडळी असे प्रतिपादू लागली आहेत की, जनुकांत फेरफार करण्याची जी नवी विद्या निघाली आहे ती देवाच्या लेखणीत केलेली ढवळाढवळ होय, आणि धर्मनिष्ठाने तिच्यापासून दूर राहावे. या प्रतिपादनास आमचा स्पष्ट विरोध आहे.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. जीवाणू आपल्यावर चालून येणाऱ्या विषाणूंचे जनुकद्रव्य ओळखून ते छाटतात. त्यांच्या या कात्रीचा उपयोग आपणांस हव्या त्या ठिकाणी करता येतो, हे जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पांतिये या दोन विदुषींनी 2012 साली दाखवून दिले. 2020 साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या कात्रीस क्रिस्पर म्हणतात. तिच्यावर आधारलेल्या पहिल्या औषधास ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. ते सिकलसेल या रक्तरोगावरचे आहे.

सिकलसेल हा आईबाप दोघांकडूनही सदोष जनुक आल्यास होणारा आजार आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत 146 दुवे असतात. त्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला असतो. एवढ्याशा चुकीने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोगी हाडे फोडून काढणाऱ्या वेदनांनी तळमळतो. नव्या उपचारात रोग्याच्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशी काढून घेतात, त्यांतील एक कळ या कात्रीने कापतात, जुनी मज्जा तीव्र औषधाने रिकामी करतात, आणि त्या पेशी पुन्हा शरीरात सोडतात. मग त्या रोग्याच्या अंगात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. चाचणीत तपासता आलेल्या 31 रोग्यांपैकी 29 जण सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले.

आता आमच्या आक्षेपकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सटीच्या रात्री पाळण्यात निजलेल्या बालकाच्या रक्तात मुख्यत्वे हेच गर्भातले हिमोग्लोबिन वाहत असते. ते पुढे काही महिन्यांत ओसरते, आणि तेव्हाच या रोगाचे दुखणे डोके वर काढते. म्हणजे हा उपचार देवाचे लिहिलेले खोडीत नाही. मिटलेले पान पुन्हा उघडतो. यात पाप ते कोणते?

दुसरा आक्षेप पूर्वकर्माचा. रोग हे प्राक्तनाचे फळ, ते भोगूनच संपवावे, असे सांगणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो की, आपल्या डोळ्यांतील मोतीबिंदू आपण भोगून संपविला काय? एके काळी देवीचा रोग हाही शीतलामातेचा कोप मानला जाई, आणि लस टोचण्यास याच भाषेत विरोध होई. पुढे आपल्याच भाषेने त्या टोचण्यास ‘देवी काढणे’ असे नाव दिले. 1977 साली भारत त्या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यामुळे शीतलादेवीच्या गाभाऱ्यातील समई विझली असे आम्हांस तरी आढळले नाही.

तथापि सीमा आहे, आणि ती आम्ही मानतो. नोव्हेंबर 2018 मध्ये हे ज्यानकुई या चिनी संशोधकाने मानवी गर्भबीजांत फेरफार करून मुली जन्मास घातल्याचे जाहीर केले. तो बदल त्या मुलींच्या पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो, आणि त्या पिढ्यांची संमती कोण घेणार? डिसेंबर 2019 मध्ये तेथील न्यायालयाने त्यास तीन वर्षांचा कारावास ठोठावला. ते योग्यच झाले. आजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याचे दुःख हलके करणे ही सेवा. न जन्मलेल्याच्या वंशावर आपली हौस लादणे हा उद्दामपणा. या दोहोंस एकाच मापाने मोजणे हा विवेक नव्हे.

आमच्या मते खरा अधर्म निराळाच आहे. त्या औषधाची अमेरिकेतील किंमत आहे 22 लक्ष डॉलर, म्हणजे 18 कोटी रुपयांहून अधिक. आणि हा आजार आपल्या देशात कोणाच्या घरी आहे? गडचिरोली, नंदुरबार आणि मेळघाट येथील आदिवासींच्या; बडोदेकरांच्या शेजारी छोटा उदेपूरला, इंदूरकरांच्या शेजारी झाबुआ-अलिराजपुरास. ‘हे त्यांचे नशीब’ हे शब्द आपल्या ओठांवर इतक्या सहज का येतात, याचे उत्तर आपण आपल्याच मनाशी शोधावे.

1 जुलै 2023 रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असा त्याचा संकल्प आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या सरकारी जीनोम संशोधन संस्थेने सिद्ध केलेला ‘बिरसा 101’ हा स्वदेशी क्रिस्पर उपचार जाहीर झाला, आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु उपचार जाहीर होणे म्हणजे तो रोग्याच्या खाटेपाशी पोहोचणे नव्हे. जी विद्या प्रजेच्या पैशातून निपजली तिचे मोल प्रजेला परवडलेच पाहिजे, ही मागणी आम्ही करतो, आणि वाचकांनीही करावी.

देवस्थानांच्या महाजनांसही आमचे एक सांगणे आहे. अन्नदान, धर्मशाळा ही आपली थोर परंपरा. तीत रक्ततपासणीची भर घाला. जेथे हा आजार आहे तेथील देवस्थानांनी जत्रेच्या दिवसांत वैद्य बोलवावेत. रोग्यांस इस्पितळापर्यंत जाण्याचा खर्च द्यावा. नवा उपचार येईतो हायड्रॉक्सियुरियाची स्वस्त गोळी त्यांस नियमाने मिळते की नाही हे पाहावे. तीही बहुतेक रोग्यांत तेच गर्भातले हिमोग्लोबिन वाढविते. हे काही न करता जो केवळ विधिलिखिताचे नाव घेतो, तो देवीचा कैवार घेत नाही. आपल्या आळसाचा घेतो.